तांब्याला काळी तार

तो तांब्या काही फार देखणा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोटाला जरा सुटलेला, काठाला एके ठिकाणी चेपलेला, आणि मूळचा पितळी असून अंगावर गिलेट चढवून चांदीचा आव आणणारा. असे तांबे मंचरच्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात ढिगाने मिळतात. पण या तांब्याच्या गळ्याभोवती टिंबाटिंबांच्या अक्षरांत एक ओळ होती: ‘चि. सौ. सोनल हिस सासूबाईंकडून सप्रेम, दिवाळी २०११’. त्या ओळीपायी प्राचीने गेल्या चौदा-पंधरा वर्षांत त्या तांब्यातलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं.

सोनल ही तिच्या धाकट्या भावाची, ज्ञानूची बायको. प्राची मंचरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची, दोन खोल्यांत एकटी राहायची आणि दर रविवारी एसटीने निमगाव सावाला माहेरी यायची. ती आली की सोनल तोच तांब्या भरून पुढे करायची आणि प्राची म्हणायची, “नको गं, मी माठातलं घेते. मला पितळेचं पाणी बाधतं.” रसायनशास्त्राच्या बाईने असं म्हटल्यावर कोण काय बोलणार? त्यातच तिचं समाधान.

भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडची रीत तशी साधी. कुणी, कुणाला, कशाबद्दल आणि कधी दिलं, एवढं लिहिल्याशिवाय वाटीसुद्धा घराबाहेर पडत नाही. कुठल्याही स्वयंपाकघरातल्या फळीसमोर पाच मिनिटं उभं राहिलं की त्या घरातली लग्नं, बारशी, वास्तुशांती आणि कोणत्या मावशीने हात आखडता घेतला, हे सगळं वाचून होतं. प्राचीने सोनलची फळी अशी अनेकदा वाचली होती. स्वतःची वाचायची सोय नव्हती. आईने तिला आयुष्यभर कांद्याची पोती दिली, कुरडया दिल्या, लुगड्यांच्या गोधड्या दिल्या आणि न मागता सल्ले दिले. यांपैकी कशावरही नाव घालता येत नाही. एकदा तिने स्वतःच एक स्टीलचा डबा विकत घेतला आणि नाव घालायला सांगितलं. दुकानदाराने यंत्र हातात घेऊन विचारलं, “कुणाकडून घालू?” प्राची म्हणाली, “कुणाकडून नाही.” त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की ती डबा तसाच उचलून घरी आली.

आई, म्हणजे साळुबाई, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला दोन आठवडे उरले असताना एका रविवारी सोनल तांब्या चिंचेने घासत बसली होती.

“ताई, याचं गिलेट पार उडालं बघा. पोटाला निस्तं पिवळं दिसतंय. पावणंरावळं येणार, त्यांच्यापुढं असा कसा ठिवायचा? मंचरला टाकते गिलेटला.”

“मंचरला कशाला?” प्राची बोलून गेली. “मी करून देते. घरीच. निकेलचा थर तर चढवायचा. बारावीच्या पुस्तकात आहे.”

सोनलचे डोळे भरून आले. नणंदेने पंधरा वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन काही देऊ केलं होतं. “आत्याबाई असत्या तर किती बरं वाटलं असतं त्यांना,” ती सासूच्या आठवणीने म्हणाली.

आता खरं कारण लिहायला हवं. थर जाड बसला की बारीक टिंबांची अक्षरं बुजतात, हे प्राचीला ठाऊक होतं. आपण ती मुद्दाम बुजवू, असं तिच्या मनात मुळीच आलं नव्हतं. बुजली तर त्याला निसर्गनियम जबाबदार असेल, एवढंच आलं होतं.

निसर्गनियमाला निकेल सल्फेट लागतं, आणि ते प्रयोगशाळेच्या कपाटात असतं. कपाटाची किल्ली चिमाजीभाऊंकडे. चिमाजीभाऊ प्रयोगशाळेचे परिचर. सव्वीस वर्षांत त्यांच्या कपाटातून चिमूटभर मोरचूदही मागणीपत्राशिवाय हललं नव्हतं.

“कारणाचा रकाना रिकामा हाय, मॅडम.”

प्राचीने ‘प्रात्यक्षिक’ असं लिहिलं.

“कोन्त्या वर्गाचं?”

“वर्गाचं नाही. माझं प्रायोगिक. घरी करणार आहे.”

“मंग अहवाल लागंल. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मुलांना लागतो तसाच. आन फोटो.” त्यांनी कागद प्राचार्यांकडे पाठवला. प्राचार्यांनी तो ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ चिमाजीभाऊंकडे परत पाठवला. चिमाजीभाऊंनी योग्य ती कार्यवाही म्हणून मागितलेल्याच्या निम्मं निकेल सल्फेट पुडीत बांधून दिलं, निकेलची एक पट्टी वहीत नोंदवून उसनी दिली आणि वर विचारलं, “पट्टी झिजल का?”

“झिजायलाच हवी. तेच तिचं काम आहे.”

“मंग परत घेताना वजन करावं लागंल,” चिमाजीभाऊ गंभीर होऊन म्हणाले.

पुढच्या रविवारी दुपारी निमगावच्या मागच्या अंगणात सगळी मांडामांड झाली. चुना कालवायची प्लास्टिकची बादली, तिच्यात हिरवंगार पाणी, त्यात मूठभर मीठ. बॅटरी ज्ञानूच्या फवारणी पंपाची. ती त्याने फार नाखुशीने दिली.

“ताये, चारच्या आत मोकळी कर. कांद्यावर करपा आलाय.”

“आईचं काम आहे, ज्ञानू.”

“आईनंच लावलेला कांदा असता तर आईनंच आधी फवारला असता,” ज्ञानू म्हणाला आणि पंपाची नळी धुवायला गेला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून भगवंततात्या आले. एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं बॅटऱ्या हाताळलेला माणूस. बॅटरी दिसली की त्यांना बोलवावं लागत नसे. त्यांनी खुर्ची मागितली नाही, पालथं घातलेलं घमेलं ओढलं आणि बसले.

“काय चाललंय, मॅडम?”

प्राचीला कुणी ‘काय चाललंय’ विचारलं की तिच्यातली शिक्षिका जागी होते, आणि एकदा जागी झाली की तास संपल्याशिवाय झोपत नाही. तिने बॅटरीची काळी तार उचलली. “ही उणे. ही तांब्याला लावायची. लाल, म्हणजे अधिक, ती पट्टीला. पट्टीतलं निकेल पाण्यात उतरतं आणि तांब्यावर चढतं. पट्टीला म्हणायचं अ‍ॅनोड, तांब्याला कॅथोड.”

“म्हंजी अ‍ॅनोड म्हंजी प्लस,” तात्या म्हणाले. “आमाला म्हाईतेय.”

इथे ‘हो’ म्हणून थांबली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण अर्धवट खरं ऐकून घेणं हे एकोणीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला जमत नाही.

“बादलीत प्लस. पण बॅटरीच्या पोटात अ‍ॅनोड असतो मायनस.”

“ऑं?”

“बॅटरी स्वतः वीज तयार करते, बादली ती वापरते. म्हणून चिन्हं उलटी होतात. मराठी पुस्तकात अ‍ॅनोडला धनाग्र म्हणतात, त्यामुळे मुलांचा नेहमी घोळ होतो. चिन्ह लक्षात ठेवायचंच नाही. काम लक्षात ठेवायचं. जो झिजतो तो अ‍ॅनोड. ज्याच्यावर चढतं तो कॅथोड.”

“म्हंजी एकच गडी घरात मायनस आन बाहेर प्लस,” तात्या विचार करून म्हणाले. “हाय असा एक आमच्या सोसायटीत.”

सोनल दारात उभी राहून पदराला हात पुसत होती. “जो झिजतो तो अ‍ॅनोड, व्हय ताई? मंग घरची सून म्हना की.”

तात्या मोठ्याने हसले. प्राचीला ते हसणं लागलं. झिजायला सून, म्हणजे चढवून घ्यायला लेक, असा त्याचा अर्थ होत होता. आणि आपल्यावर काय चढलं होतं, ते आपल्याला ठाऊक. तिने तारा लावल्या, काळी तांब्याला, लाल पट्टीला. एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. मुलांना ती तीनदा पाहायला सांगते. तिसऱ्यांदा पाहायच्या आत फोन वाजला.

चिमाजीभाऊ होते. “मॅडम, फोटो आडवा काढा. उभा अहवालात बसत न्हाई.”

रेंजसाठी तिला गोठ्याच्या पलीकडे जावं लागलं. तिकडे चिमाजीभाऊंनी फोटोत पट्टी दिसावी की न दिसावी, यावर दहा मिनिटं घेतली. ती परत आली तेव्हा बादलीवर परात झाकलेली होती आणि बॅटरीवर गोणपाट.

“कोंबड्या तोंड घालत व्हत्या,” सोनल म्हणाली. “आन बॅटरीला ऊन लागत व्हतं. तात्या म्हनले झाक.”

“बरं केलंस,” प्राची म्हणाली. परात उचलून पाहायला हवं होतं. पण जोडणी आपण केली होती; आपल्याच जोडणीवर शंका घेणं म्हणजे तात्यांसमोर कबुली दिल्यासारखं झालं असतं. मग सगळ्यांनी चहा घेतला. तात्यांनी शिवशाहीच्या बॅटऱ्या आणि लाल डब्याच्या बॅटऱ्या यांतला फरक सांगितला. प्राची मनात सोनलच्या नावावर थरावर थर चढताना पाहत होती आणि चहा नेहमीपेक्षा गोड लागत होता. फक्त एक खंत होती: निम्म्या निकेल सल्फेटमुळे पाणी कमी पडलं होतं आणि तांब्या गळ्यापर्यंतच बुडला होता. नंतर तांब्या उलटा धरून गळा बुडवू, असं तिने ठरवलं.

साडेतीनला ज्ञानू बॅटरीसाठी येऊन उभा राहिला आणि परात उचलली गेली.

पाणी हिरवं राहिलं नव्हतं. गढूळ, निळसर, पाय धुतल्यासारखं झालं होतं. पट्टी झिजली तर नव्हतीच, उलट तिच्या अंगावर तांबडा चिखल माजला होता. चिमाजीभाऊंच्या वजनात ती चांगली भरली असती. आणि तांब्या वर आला तो गुलाबी होऊन. चांदी नाही, पितळ नाही, भाजल्यावर नवी कातडी येते तसा गुलाबी. राहिलेलं गिलेटही गेलं होतं. फक्त गळा जसाच्या तसा चकाकत होता, आणि त्यावरची ‘चि. सौ. सोनल’ अक्षर न् अक्षर शाबूत.

प्राचीने गोणपाट ओढला. तांब्याची तार लाल होती.

“सोनल, तारा कुणी बदलल्या?”

सोनलने लपवलं नाही. “मी. तुमी फोनवर व्हता. आत्याबाईंच्या वस्तूला काळी तार कशी लावायची, ताई? त्यांचं वर्ष बी सरलं न्हाई. आन उणे म्हनला तुमी. त्यांच्या तांब्याला उणे कशाला? म्हनून लाल लावली. तुमीच म्हनला न्हवं का, चिन्ह लक्षात ठिवायचं न्हाई?”

एकोणीस वर्षांत एवढ्या चुकीचं एवढं सरळ उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं.

“तरी मी म्हनत व्हतो, प्लस,” तात्या म्हणाले. वास्तविक ते म्हणाले होते ते अ‍ॅनोडबद्दल, तांब्याबद्दल नव्हे.

“तात्या, तुम्ही जरा गप्प बसा,” प्राची म्हणाली, आणि आवाज फुटला म्हणून तिची तिलाच लाज वाटली. आईने हातात धरलेली वस्तू आपण बादलीत विरघळवली होती. वर्षश्राद्धाला आठ दिवस. पाहुण्यांपुढे हा तांब्या येणार, आणि कुणीतरी विचारणार, आणि सोनल खरं तेच सांगणार: ताईंनी केलं. त्याहून वाईट म्हणजे तिने ते का केलं, हे तिला स्वतःला माहीत होतं.

सोनलने तांब्या ओढून घेतला, चिंच घेतली, राख घेतली आणि हातपंपाशी बसून घासायला लागली. अशा वेळी बोलण्यापेक्षा घासणं बरं, हे तिला प्राचीपेक्षा चांगलं कळत होतं. घासता घासता तिचा हात थांबला.

“ताई, हितं कायतरी हाय.”

“डाग आहे. खाल्लंय ते.”

“डाग न्हाई. टिंबं हायेत. चि... सौ... कां...”

प्राचीने चष्मा पुसला आणि तांब्या उन्हाकडे तिरका धरला. पोटावर, गुलाबी झालेल्या धातूत, काळसर टिंबांची एक ओळ वर आली होती. मोठ्या अक्षरांची. कुठे फिकट, कुठे गडद, पण वाचता येण्यासारखी.

‘चि. सौ. कां. प्राची हिस आईकडून. दि.’

‘दि.’ पुढे काही नव्हतं. तारखेपुरती जागा सोडलेली होती.

हे कसं झालं, ते प्राचीला लगेच कळलं; तेवढंच तिच्या हातात होतं म्हणून तिने आधी तेच समजून घेतलं. खिळा ठोकून नाव घातलं, की खालचा धातू आतपर्यंत दबतो. वरून घासून, घोटून नाव काढता येतं, गुळगुळीत करता येतं, वर गिलेटही देता येतं. पण दबलेला धातू आत तसाच राहतो. आणि अशी वस्तू झिजायला लावली, अ‍ॅनोडच्या जागी टांगली, की दबलेल्या जागा इतर जागांसारख्या झिजत नाहीत. गेलेलं नाव वर येतं. तार काळी असती तर त्या नावावर आणखी एक थर बसला असता, आणि तो प्राचीने स्वतः बसवला असता.

तेवीस वर्षांपूर्वी घोडेगावच्या एका स्थळाशी तिची सुपारी फुटली होती आणि दोन महिन्यांत मोडलीही होती. मुहूर्त निघायचा होता. आईला धीर नव्हता, एवढंच.

ज्ञानू बॅटरी खांद्याला अडकवून उभा होता, तो तसाच म्हणाला, “आईनं हा तांब्या मंचरला घासायला दिला व्हता. दिवाळीच्या आधी, आमचं लगीन झालं त्या साली. मी विचारलं, चांगलाच तर दिसतोय, कशाला? तर म्हनली, डाग पडलाय.”

भगवंततात्यांनी उठून घमेलं सरळ केलं आणि परत पालथं घातलं.

पहिली सोनल बोलली. “म्हंजी मला दिला तो तुमचा पुसून दिला?” तिचा आवाज बदलला होता. “पंधरा वरसं मिरवते मी. माहेरी दाखवला. भिशीच्या बायांना दाखवला. आन बघा की, तुमचं अक्षर केवढं हाय. पोटावर, ठसठशीत. माझं गळ्याला, मुंगीसारखं.”

“तुझ्यावर दिवाळी तरी आहे,” प्राची म्हणाली. “साल आहे.”

“सप्रेम बी हाय,” सोनल जरा सावरून म्हणाली. मग तिने पुन्हा पोटावरची ओळ वाचली. “पर तुमच्यावर ‘आईकडून’ हाय. माझ्यावर ‘सासूबाईंकडून’.”

इतकी वर्षं जो मत्सर तिने एकटीने सांभाळला होता, त्याची निम्मी वाटणी अशी अंगणात, हातपंपापाशी, काही मागितलं नसताना झाली. तिला वाटलं होतं की असं काही कधी घडलंच, तर आपल्याला आनंद होईल. झाला नाही असं नाही. पण तो फार वेळ टिकला नाही. कारण आता तिला हेवा वाटत होता तो त्या पोटावरच्या प्राचीचा. तिच्यासाठी आई एसटीने मंचरला गेली होती, दुकानात उभी राहिली होती, ‘कुणाकडून’ विचारल्यावर तिने चटकन सांगितलं होतं, आणि ‘तारीख?’ विचारल्यावर म्हणाली असेल, जागा सोडा, ठरली की घालू. त्या प्राचीला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिची आई जिवंत होती.

“तांब्या तुमी न्या, ताई,” सोनल म्हणाली, पण हात सोडला नाही.

“नको. इथेच राहू दे. तुझंही नाव आहे.”

“मंग गिलेट?”

“आता गिलेट नाही.”

वर्षश्राद्धाच्या दिवशी पाहुण्यांपुढे तांब्या गुलाबीच आला. बहुतेकांनी तो नवा प्रकार समजून कुठे मिळाला ते विचारलं. ज्यांना शंका आली त्यांना भगवंततात्यांनी पडवीत बसवून सगळं समजावलं; त्यांच्या सांगण्यात लाल तार सोनलच्या हातून त्यांच्या हातात आली होती आणि अ‍ॅनोड दर पंगतीगणिक प्लस-मायनस होत होता. पंगती उठल्यावर सोनलने सवयीने तांब्या भरून प्राचीपुढे ठेवला, आणि तिला पितळ बाधतं हे आठवून उचलायला हात पुढे केला. प्राचीने तांब्या आधीच उचलला होता. वरून धार धरून ती प्यायली. पाण्याला चिंचेची जराशी चव होती. सोनल बघत राहिली आणि म्हणाली, “जपून हां. गळा माझा हाय.”

सोमवारी चिमाजीभाऊ अहवाल घेऊन आले. पट्टीचं वजन वाढल्याबद्दल त्यांनी वहीत तांबड्या शाईने शेरा मारला होता आणि एकंदरीत ते समाधानी नव्हते.

“हेतू: पितळी वस्तूवर निकेलचा थर चढवणे. निरीक्षण: ध्रुव उलटे जोडले गेल्याने थर चढला नाही, उतरला,” त्यांनी वाचून दाखवलं. “हितपर्यंत ठीक हाय. फोटो बी आडवा हाय. पर निष्कर्ष रिकामा सोडलाय, मॅडम.”

“राहू द्या तो.”

“असा दाखल करता येत न्हाई. कायतरी ल्ह्या.”

प्राचीने कागद हातात घेतला. ‘निष्कर्ष’ या शब्दापुढे तीन ओळींची जागा होती. तिने पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

“जागा सोडून ठेवा, चिमाजीभाऊ,” ती म्हणाली. “ठरला की घालू.”